वैखरीच्या अलीकडे

परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी असे वाणीचे चार थर आपल्याकडे मानले आहेत. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त तीन सांगितले, नंतरच्या तत्त्वचिंतकांनी परा जोडली आणि ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’त चारही वाचांचा विचार आला. कानांनी ऐकू येते ती वैखरी, सगळ्यांत बाहेरची. म्हणजे कंठातून स्वर फुटण्याआधीही वाणी असते, हे या परंपरेला मान्य आहे. व्यवहारात मात्र तिला त्याचा विसर पडला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्क नाकारलेल्यांच्या यादीत ‘मूक’ माणूसही आहे. केवळ अपंगत्वावरून असा हक्क नाकारण्याला कायद्याने आळा बसला तो १९२८ साली. जो बोलत नाही त्याला सांगण्यासारखंही काही नसतं, हे गृहीतक मात्र अजून घराघरांत आहे. कुणी म्हणेल, चार वाचांचा विचार ब्रह्मज्ञानासाठी आहे, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी नाही. ते खरंच आहे. त्या मुलाच्या मनात काय चाललंय, हे कुठलाही ग्रंथ सिद्ध करू शकत नाही. पण आवाज नाही म्हणून आशयही नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. मग आईवडिलांपुढे खरा प्रश्न उरतो: मुलाने अजून काहीच सांगितलेलं नसताना, त्याला सांगायचं आहे हे कशाच्या आधारावर मानायचं?

तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. त्याच्या ‘ब्बा’ला आपण ‘बाबा हवेत का?’ असं उत्तर देतो, वर्षभर एकट्यानेच दोघांचं बोलतो आणि या आगाऊ विश्वासातूनच भाषा उभी राहते. चित्रांचा तक्ता किंवा बोलणारं अ‍ॅप वापरणाऱ्या मुलाला मात्र पहिल्या दिवसापासून परीक्षेला बसवलं जातं: ‘पाणी कुठंय? दाखव बघू!’ आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ अ‍ॅप मराठीतही आहे, साधा पुठ्ठ्याचा तक्ता तर घरीही करता येतो. पण साधन हातात ठेवलं म्हणजे भाषा दिली असं होत नाही. ती आधी मोठ्यांनी वापरून दाखवावी लागते. समजा, जेवता जेवता मुलाने ‘बाहेर’ या चित्रावर बोट ठेवलं. आईने ‘बाहेर जायचंय? पाऊस आहे, नंतर जाऊ’ असं म्हणत ‘पाऊस’ आणि ‘नंतर’ या चित्रांवर स्वतःचं बोट टेकवलं, आणि मग घाई न करता थांबली. बाहेर जाणं झालं नाही, तरी बोलणं पोचलं. बोट चुकून पडलं असेल, ही शंका रास्त आहे. पण बाळाचं ‘ब्बा’ही सुरुवातीला असंच असतं. त्याला उत्तर मिळत गेलं म्हणून तो शब्द होतो.

सगळ्यात मोठी भीती अशी, की चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडेल. ही भीती तपासून पाहता येते, आणि ती तपासली गेली आहे. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी अशा साधनांवरच्या त्या वेळच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या काटेकोर पद्धतीने नोंदवलेल्या २७ जणांपैकी ८९ टक्क्यांच्या बोलण्यात वाढ दिसली, बाकीच्यांत फरक पडला नाही, आणि कुणाचंही बोलणं घटलं नाही. वाढ बऱ्याचदा माफक होती, आणि २७ हा आकडा लहानच आहे. त्यावरून ‘तक्ता दिला की मूल बोलेल’ असं वचन देता येणार नाही. पण बोलण्याची वाट बघत मुलाची पाच-सहा वर्षं भाषेविना जाऊ द्यावीत, याला मात्र या पुराव्यात आधार सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे शब्द मुलाचे कशावरून? मोठ्या माणसाने मुलाचा हात धरून अक्षरं टिपायला ‘मदत’ करण्याची एक पद्धत १९९०च्या दशकात गाजली. नियंत्रित चाचण्यांत मुलाला एक आणि मदतनिसाला दुसरं चित्र दाखवलं, तेव्हा उमटलं ते मदतनिसाने पाहिलेलं. त्या मदतनिसांचं प्रेम खोटं नव्हतं, पण त्यांनी मुलावरच्या विश्वासाच्या नावाखाली त्याचा शब्द हिरावून घेतला होता. म्हणून विश्वासालाही शिस्त हवी. मुलाकडे आशय आहे हे गृहीत धरावं. तो आशय कोणता, हे गृहीत धरू नये. तक्ता जवळ असावा, मुलाच्या हातावर आपला हात नसावा. आपल्याला न पटणारं, न समजणारं उत्तरही तसंच राहू द्यावं.

या शिस्तीची कसोटी तक्त्यावरच पाहता येते. अनेक तक्त्यांवर पाणी, जेवण, शू असतं. ‘नको’, ‘का’, ‘थांब’, ‘आवडलं नाही’ नसतं. असा तक्ता मुलाकडून फक्त मागणी ऐकू इच्छितो, मत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत पर्यायी साधनांना स्थान दिलं आहे, पण कायदा स्वयंपाकघरात येऊन ‘नको’ ऐकत नाही. दुसऱ्यांदा वाढलेल्या भाताला मुलाने ‘नको’ दाखवलं आणि ताट खरोखर बाजूला झालं, तर त्या घराने मुलाला बोलणारा माणूस मानलं आहे. आणि ते मानायला वैखरीची वाट बघावी लागलेली नाही.