पेटाऱ्यापाशी उभी राहिलेली बहीण

शास्त्रपाठ : निर्गम २:१-११



परदेशातून एखादे कुटुंब दत्तक मूल नेण्यास आपल्या देशात येते, तेव्हा परत जाण्यापूर्वी कधी कधी त्या मुलखातील एखादी शाळाही पाहू इच्छिते. "शाळेत त्यांस काय पाहावयाचे?" असे आमच्या मंडळीतील एका वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु ते मूल दहा वर्षांचे झाले म्हणजे विचारील की, मी तेथेच राहिलो असतो तर कोणत्या बाकावर बसलो असतो? त्या दिवशी उत्तर देता यावे म्हणून ती मायबापे येतात.

फारोच्या कन्येने पेटारा उघडताच हे इब्र्यांचे लेकरू आहे हे ओळखले व तसे बोलूनही दाखविले. तिने ते झाकून ठेविले नाही. आणि दूर उभी असलेली ती लहान बहीण! पेटाऱ्याचे काय होते ते पाहावे म्हणून ती थांबली, योग्य वेळी पुढे झाली आणि बाळाची आई राजकन्येसमोर आणून उभी केली. मोशे राजवाड्यात वाढला, तरी मोठा झाल्यावर आपल्या भाऊबंदांकडे गेलाच.

आपल्या काळचे उदाहरण घ्या. १९७९ साली पुण्यात जन्मलेली एक कन्या ससून रुग्णालयाच्या आवारातील श्रीवत्स या अनाथगृहातून हरेन व सू स्थळेकर या दांपत्याने दत्तक घेतली. पिता मूळचे भारतीय, संसार परदेशी. तीच लिसा स्थळेकर पुढे ऑस्ट्रेलियाच्या संघातून क्रिकेट खेळली आणि २०१३ साली मुंबईत विश्वचषक जिंकून आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्त झाली.

उपदेशक बंधूंनो, त्या बहिणीचे काम आपले आहे. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मुलासाठी आधी देशातले घर शोधावे, मगच परदेशातले. स्वेच्छेने मूल सोपविणाऱ्या मातेस फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. कोणाही पाहुण्याच्या हाती परस्पर मूल देणे हा गुन्हा आहे. मग तो पाहुणा कितीही भक्तिमान असो. आणि "देशातले घर" म्हणजे कोणाचे? पूर्वी १८९० च्या कायद्याने ख्रिस्ती जोडप्यास केवळ पालकत्व मिळे. बाल न्याय कायद्याने २००० सालापासून दत्तकाची वाट उघडली, ती २०१५ च्या कायद्याने अधिक स्पष्ट झाली. आमच्या मंडळ्यांत निपुत्रिक जोडप्यांसाठी प्रार्थना पुष्कळ होतात; ही वाट त्यांस दाखविणारे थोडे.

आता आमच्याच चुकीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत असे एक कुटुंब आले. पती, पत्नी व त्यांची लहान कन्या. दत्तकाचे कागद दुसऱ्या गावी पुरे व्हावयाचे होते. येथे ते केवळ पाहावयास आले होते. दिवस माघाचे. कित्येक मुलांचे आईबाप गुजरातेत ऊसतोडीस गेलेले. पाहुण्यांचा कळवळा पाहून आम्हांस लोभ सुटला. शाळेला छप्पर हवे होते, एवढेच काय ते आमचे निमित्त. पुढल्या बाकावरील एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आम्ही म्हणालो, "याचे येथे कोणी नाही."

मुलगा उठून उभा राहिला. "पाळकसाहेब, माझी आई होळीला येणार आहे," तो म्हणाला.

पाहुण्या बाईंनी दुभाष्याकडून ते वाक्य समजून घेतले. आम्हांस त्या काही बोलल्या नाहीत. मुलाजवळ खाली बसून त्यांनी त्याच्या आईचे नाव विचारले, आणि त्याने ते साऱ्या वर्गास ऐकू जाईल असे सांगितले. आम्हांस ते तोवर ठाऊक नव्हते.