ओसरीलगतची खोली

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या घराची वाटणी ठरत आली होती. अडली ती ओसरीलगतच्या खोलीपाशी. आईने तिथे बस्तरकडचा एक मुलगा ठेवून घेतला होता. भाडे नाही, सकाळी देवाला फुले आणायची आणि रात्री अभ्यास करायचा, एवढेच. थोरल्याला तिथे दुकानाचा गाळा काढायचा होता, धाकट्याला गाडीला जागा हवी होती. मुलाला जायला सांगायचे, यावर मात्र दोघांचे एकमत झाले.

आई काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "मला बुढातालाबापर्यंत नेऊन आणा रे."

बुढापाऱ्यात डे भवनासमोर ती थांबली. "हा वाडा कुणाचा?"

"विवेकानंदांचा," धाकटा चटकन म्हणाला.

"त्यांची इथे एक वीटसुद्धा नव्हती. घर रायबहादूर भूतनाथ डे वकिलांचं. 1877 साली विवेकानंदांचे वडील विश्वनाथ दत्त कामासाठी कलकत्त्याहून इथे आले, मागोमाग बायकोमुलं. आगगाडी इथवर नव्हती. पंधरा-पंधरा दिवस बैलगाडीतून, रानातून यायचं. नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, तेव्हा चौदाचा. डे यांनी त्यांना याच घरात जागा दिली, असं सांगतात."

1879 पर्यंत दत्त कुटुंब रायपुरात होते. दुसऱ्याचा संसार इतके दिवस आपल्या घरात सामावून घेणे म्हणजे काय, हे भरल्या घरात वाढलेल्यालाच कळेल. रोजची चूल, पाणी, आजारपणे, मुलांची भांडणे.

"पोरगा शाळेत गेला नाही," आई सांगत होती. "वडिलांपाशी शिकला, मोठ्यांच्या बैठकीत बसून वाद घालायला शिकला, बुद्धिबळ शिकला. डे यांचा हरिनाथ तेव्हा तान्हा होता."

"त्याचं पुढे काय झालं?" थोरल्याने विचारले.

"34 भाषा आल्या त्याला. 1907 साली कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचा पहिला भारतीय ग्रंथपाल झाला. 1911 मध्ये गेला. अवघा 34 वर्षांचा होता रे." तिने पदराने डोळे टिपले.

परतताना कुणी बोलले नाही. धाकट्याने गाडी गल्लीतच लावली. थोरला ओसरीलगतच्या दाराशी थांबला.

"परीक्षा कधी आहे रे तुझी?"

मुलगा धडपडून उभा राहिला. "मार्चमध्ये, दादा."

"मग या मिणमिणत्या उजेडात काय वाचतोस?" म्हणत तो आपल्या खोलीतला दिवा आणायला आत गेला.