खटखट मागून येते

1998 साली टाटा सफारी बाजारात आली, तेव्हा तिच्या मागच्या ॲक्सलखाली पाटे नव्हते, कॉइल स्प्रिंग होत्या. पाटा वजनही पेलतो आणि ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतो. स्प्रिंग फक्त वजन पेलते. म्हणून सफारीत ॲक्सल धरायला पाच दांडे, म्हणजे आर्म, दिले: चार लांबीच्या दिशेने, एक आडवा. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना रबरी बुश, म्हणजे दहा बुश. आमची जुनी सफारी मागून खटखटू लागेपर्यंत हे गणित करायची मला कधी गरज पडली नव्हती.

आमचं गिरड म्हटलं की लोकांना ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याची टेकडी आठवते. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी तिथल्या गोल दगडांची कथा आहे. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणतं. टेकडी दगडाची, पण खालचं शिवार काळ्या मातीचं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचं डांबर हळूहळू उंचसखल होतं, कडा खचतात. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचावर असलं की ॲक्सल तिरका होतो आणि प्रत्येक आर्म दोन्ही टोकांना पिळला जातो. तो पीळ रबरानेच सोसायचा.

बुश एका दिवसात जात नाही. रबर आधी ताठरतं, मग कडेने चिरतं, शेवटी आतल्या नळीपासून सुटतं. तेवढ्या काळात चालवणाराही नकळत बदलतो. जाम गावाजवळच्या हायवेवर ट्रक बाजूने गेला की गाडीचं शेपूट हलतं, आपण स्टिअरिंग जरा सावरतो आणि दोष वाऱ्याला देतो. वेग कमी होतो, तोही शहाणपण समजून. घरात एकच निदान असतं: गाडी जुनी झाली. मला हे वाक्य आता खटकतं. वय हा बिघाड नव्हे. बिघाड कुठल्यातरी एका जागी असतो, आणि ती जागा शोधायचा कंटाळा आपण वयाच्या नावावर खपवतो.

शॉकअप बदलायचा सल्ला सगळे देतात, कारण शॉकअप दिसतो. आमच्या मिस्त्रीने मात्र गाडीखाली वाकून प्रत्येक आर्मच्या टोकाशी पहार लावली. ‘भाऊ, शॉकअप काहून बदलता? बुशच गेले हायेत.’ पहारेसरशी लोखंड रबरात सैल हलत होतं.

काढणं हेच खरं काम. बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले. काही तेल-उष्णतेने सुटले, काही कापावे लागले. खालच्या आर्मची भोकं घासून लंबगोल झाली होती. तिथे नवा बुश टिकला नसता, म्हणून ते आर्मच नवे घेतले. वरचे आर्म ठीक होते, त्यांत हिंगणघाटला प्रेसवर बुश बसवून आणले. पॉलियुरेथेनचे घ्या, जास्त टिकतात, असं काहींनी सुचवलं. टिकतात खरे, पण ते कडक, आणि आमच्या रस्त्यावर सोसायचा पीळ मग आर्म आणि चासीच्या ब्रॅकेटवर जातो. मी रबरच निवडलं.

नव्या बुशचं आयुष्य शेवटच्या पाच मिनिटांत ठरतं. रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. गाडी जॅकवर आणि ॲक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्री म्हणाला, ‘चाकं जमिनीले टेकल्याशिवाय बोल्ट आवयाचे नाही.’ गाडी चाकांवर उभी केली, मग तो खाली सरपटला.

खटखट थांबली. आता पुढून एक आवाज ऐकू येतो, तो आधीही असणारच.

जुनी गाडी विकायला काढण्याआधी मागच्या आर्मना एकदा पहार लावून बघा. बुश बदललेच, तर बोल्ट आवळेपर्यंत गॅरेजमध्ये थांबा आणि तेव्हा गाडी चाकांवर उभी आहे का, ते स्वतः पाहा.