दोन भाव

॥ श्रीगुरवे नमः ॥



गेल्या महिन्यात गुरुवारच्या ऑनलाइन उपासनेनंतर न्यू जर्सीच्या एका गुरुबंधूंनी आम्हाला प्रश्न विचारला. प्रश्न त्यांच्या घरचा असला तरी तसाच प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, कपाटात, ट्रंकेत पडून आहे. म्हणून त्यांच्या परवानगीने इथे मांडतो आहोत.

त्यांचे वडील सत्तरच्या दशकात बडोद्याहून अमेरिकेला गेले. कारखान्यात दुसऱ्या पाळीत राबले. मुलगा नऊ-दहा वर्षांचा झाला तसा त्याला बेसबॉलच्या कार्डांचा नाद लागला. वर्ष १९८८ च्या सुमाराचं. शनिवारी बापलेक दुकानात जायचे, एक-दोन पाकिटं घेऊन गाडीतच फोडायचे. आणि अधूनमधून वडील एक अख्खं सीलबंद खोकं घेऊन तळघरात ठेवायचे. म्हणायचे, "हे तुझ्या कॉलेजसाठी." यंदा वडील गेले. खोकी वर काढली, एका जाणकार व्यापाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, यातल्या बऱ्याचशा खोक्यांना तेव्हा घातलेले पैसेही धड सुटणार नाहीत. गुरुबंधू म्हणाले, "पैसे गेले त्याचं काही नाही. पण बाबा फसले, असं मनात येतं, ते सहन होत नाही. आणि आता या खोक्यांचं करू काय?"

ही कार्डं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आपल्याकडे पोरं काड्यापेटीचे छाप नाहीतर च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवायची, तसंच हे. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याच्या खेळाचे आकडे. आधी ती सिगारेटच्या पाकिटात यायची, नंतर च्युइंगमच्या. १९५२ साली टॉप्स कंपनीने ४०७ कार्डांचा मोठा संच काढला. त्याची आखणी साय बर्जर नावाच्या त्यांच्या माणसाने ब्रुकलिनमधल्या आपल्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केली. मुलं ती कार्डं अदलाबदल करायची, भिंतीवर उडवायची, सायकलच्या आऱ्यांमध्ये अडकवून फटफट आवाज काढत गावभर हिंडायची. मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडला की आई खोली आवरायची आणि बुटांच्या खोक्यातली कार्डं कचऱ्यात जायची. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. खुद्द कंपनीलाही नाही. १९५२ च्या संचातला शेवटचा भाग हंगाम सरता सरता बाजारात आला, खपला नाही, गोदामात पडून राहिला. १९६० मध्ये बर्जर यांनी तो माल बोटीवर चढवून न्यू जर्सीजवळच्या समुद्रात टाकून दिला.

त्या मालात मिकी मँटल या खेळाडूचं कार्डही होतं. त्याच कार्डाची एक उत्तम राखलेली प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. विकणाऱ्याने ती १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतली होती.

मग १९८८ सालची खोकी का नाही चढली? गंमत इथेच आहे. पन्नाशीतली मुलं सत्तर-ऐंशीच्या दशकात कमावती झाली आणि आपलं बालपण शोधत परत आली. जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी कार्डांच्या किमतींचं पुस्तक काढलं, १९७९ मध्ये. १९८४ पासून त्यांचं मासिकही निघू लागलं. झालं! आता प्रत्येक चित्रासमोर एक आकडा आला. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या टॉप्ससमोर उभ्या राहिल्या, १९८९ मध्ये अपर डेक आली. जुन्या कार्डांना एवढी किंमत येते म्हटल्यावर लोक नवी कार्डं खोकीच्या खोकी घेऊन ठेवू लागले. कंपन्यांनीही मागाल तितकी छापली, अब्जावधींनी छापली. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, लोकांचं मन खेळावरून उडालं आणि बाजार आणखी बसला. पण संप हे काही मूळ कारण नव्हे. मूळ कारण त्या तळघरांतच होतं. जी वस्तू सगळ्यांनी जपून ठेवली, ती दुर्मीळ होणार कशी?

१९५२ ची कार्डं महाग झाली, कारण ती सायकलच्या आऱ्यांत फाटली, आयांनी टाकली, समुद्रात बुडाली. १९८८ ची स्वस्त राहिली, कारण ती प्रत्येक घरात, प्रत्येक खोक्यात, कोरी करकरीत शिल्लक आहेत.

आपल्या भाषेत 'भाव' हा शब्द मोठा विलक्षण आहे. बाजारात कांद्याला भाव असतो आणि देवापुढे भक्ताचाही भाव असतो. शब्द एकच, पण दोघांचा स्वभाव अगदी उलटा. बाजारभाव दुसऱ्याच्या नसण्यावर उभा राहतो. माझं कार्ड महाग व्हायचं तर हजार घरांतली तशीच कार्डं नाहीशी व्हायला लागतात. दुसऱ्या भावाचं तसं नाही. शेजारच्या पोराकडे तेच कार्ड असलं म्हणून आपला शनिवारचा आनंद कमी होत नाही. उलट अदलाबदल करायला सोबती मिळतो. नामस्मरण शंभर जणांनी केलं म्हणून एकेकाच्या वाट्याला कमी येतं का?

आणि पहिला भाव घरात शिरला की दुसऱ्याला हळूच बाहेर काढतो. त्या तेजीच्या काळात मुलांनी कार्डं हाताळणं सोडलं. कोपरा दुमडला तर किंमत जाईल म्हणून ती प्लास्टिकच्या पाकिटात गेली. "हा कोण?" असं विचारण्याआधी "याचे किती येतील?" असं विचारलं जाऊ लागलं. वस्तू तीच, पण ती हातातून तिजोरीत गेली.

म्हणून पैशाला तुच्छ लेखायचं का? नाही. दुसऱ्या पाळीत उभं राहून ज्याने पैसा मिळवला त्याला "पैसा म्हणजे माती" असं सांगायचा अधिकार आम्हाला नाही. मुलाच्या शिक्षणाची तरतूद करणं हा गृहस्थाचा धर्मच आहे. वडिलांचा अंदाज चुकला, हे खरं; त्यांच्याबरोबर लाखो जणांचा चुकला. पण अंदाज चुकणं वेगळं आणि माणूस फसणं वेगळं. त्यांनी खोकं ठेवलं ते उद्यासाठी, आणि पाकीट फोडलं ते त्याच दिवशी, गाडीत बसून, मुलाबरोबर. उद्याचा हिशेब जमला नाही. त्या दिवसाचा हिशेब त्याच दिवशी पुरा झाला होता. आठवड्यातून एक मोकळा दिवस मिळणाऱ्या माणसाने तो मुलाच्या छंदाला दिला, याला आम्ही तोटा म्हणणार नाही.

इथे आणखी एका माणसाची आठवण करावीशी वाटते. सिराक्यूज गावचे जेफरसन बर्डिक. विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, एकटा जीव, संधिवाताने हात आखडलेले. त्यांनी आयुष्यभर छापील कार्डं जमवली, सगळ्या प्रकारची, तीन लाखांहून जास्त. त्यांत बेसबॉलचीच तीस हजारांवर. त्यांची वर्गवारी केली, सूची छापली. त्यांनी दिलेले क्रमांक आजही संग्राहक वापरतात. आणि मग सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. नुसता दिला नाही. तिथे जाऊन, दुखऱ्या बोटांनी, स्वतः अल्बममध्ये चिकटवत बसले, वर्षानुवर्षं. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं. मार्चमध्ये ते गेले. आजच्या व्यापाऱ्याला विचाराल तर मागे गोंद लागला की कार्डाची किंमत पडते. बर्डिक यांना ती चिंता नव्हती, कारण त्यांना विकायचं नव्हतं, दाखवायचं होतं. त्यांच्या संग्रहात होनस वॅग्नर या खेळाडूचं दुर्मीळ कार्डही आहे. त्याचीच दुसरी एक प्रत २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली.

संचय आणि संग्रह यांत आम्ही एवढाच फरक करतो. संचय आपल्यापाशी थांबतो, संग्रह आपल्यातून पुढे जातो. महाराजांच्या अंगावर गुरुपौर्णिमेला घातलेली शाल संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर असायची, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींनी पाहिलेलं आहे. शालीचा अपमान होत नव्हता. शाल आपल्या कामाला लागत होती.

आता खोक्यांचं काय करायचं ते. गुरुबंधूंना आम्ही सुचवलं ते असं. "थांबू, पुन्हा भाव येईल" या आशेवर ती आणखी तीस वर्षं ठेवू नका. २०२० नंतर पुन्हा एक लाट आली होती. मे २०२१ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीने मारामारीच्या भीतीने दुकानांतली कार्डविक्रीच थांबवली, इतकी झुंबड. अशा लाटा येतील आणि जातील, त्यांच्यावर वडिलांची आठवण टांगून ठेवू नये. एखाद्या शनिवारी मुलीला जवळ बसवा आणि सीलबंद पाकिटं फोडा. (आतलं च्युइंगम मात्र खाऊ नका!) फोडता फोडता आजोबांची गोष्ट सांगा: बडोदं, दुसरी पाळी, गाडी, दुकान. आवडतील ती मूठभर ठेवा. बाकीची आसपासच्या मुलांना वाटा. त्यांना हवं तर सायकलच्या आऱ्यांत लावू द्या.

आपल्याकडेही हेच आहे. वडिलांची तिकिटं आणि नाणी, आईची पैठणी, आजीचा पितळी डबा. वडीलधारं माणूस गेलं की महिन्याभरात भावंडं बसतात आणि पहिला प्रश्न निघतो, "याचे किती येतील?" कधी त्यावरून बोलणंही तुटतं. किंमत काढायला हरकत नाही, वाटणी न्यायाने व्हायलाच हवी. पण तो प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न हा असावा, की ही वस्तू त्यांच्या हातात असताना काय होत होतं? त्याचं उत्तर ज्या भावंडाला ठाऊक असेल त्याला आधी बोलू द्यावं.

या आठवड्याची साधना एवढीच. घरातली जपून ठेवलेली एक वस्तू काढा. तिची गोष्ट घरातल्या लहानाला सांगा, आणि ती त्याच्या हातात द्या. कोपरा दुमडला तर दुमडू द्या.

जय गुरुदेव.