पाहुण्याची नजर

अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानात ईस्ट फोर्क नदीजवळ ओंडक्यांची एक जुनी खोपी आहे. १९२०च्या दशकात रस्ता बांधणाऱ्यांसाठी ती उभारली गेली. वीज नाही, नळ नाही. उद्यानाच्या ‘निवासी कलावंत’ योजनेत निवडलेले चित्रकार, लेखक, संगीतकार इथे दहाएक दिवस राहून जात आणि बदल्यात उद्यानाला एखादी कलाकृती भेट देत. अमेरिकेतल्या कितीतरी उद्यानांत अशा योजना आहेत. त्यामागची समजूत अशी, की अरण्य ही प्रेरणेची पाणपोई आहे. यावं, ओंजळभर प्यावं, निघावं.

एवढ्या थोडक्या दिवसांत माणसाला जे मिळतं ते आश्चर्य. ते खोटं नसतं आणि दुबळं तर मुळीच नसतं. १८७१मध्ये थॉमस मोरन हा चित्रकार भूवैज्ञानिक हेडनच्या सर्वेक्षण तुकडीबरोबर यलोस्टोनला गेला. घोड्यावर बसायची सवय नव्हती, म्हणून खोगिरावर उशी घेऊन तो हिंडला. त्याची जलरंगचित्रं आणि सोबतच्या विल्यम हेन्री जॅक्सनची छायाचित्रं वॉशिंग्टनला पोचली, आणि १ मार्च १८७२ला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच वर्षी काँग्रेसने मोरनचं यलोस्टोनच्या दरीचं अवाढव्य तैलचित्र १०,००० डॉलरला विकत घेतलं. चित्रकाराच्या कुंचल्याने एवढी जमीन वाचवल्याची उदाहरणं फार नाहीत.

पण मोरनच्या प्रवासखर्चातले ५०० डॉलर जे कुक या धनकोने उसने दिले होते, आणि कुकचा पैसा नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेत अडकला होता. रेल्वेला प्रवासी हवे होते. प्रवाशांना हवा होता मानवी स्पर्श न झालेला प्रदेश. वास्तवात तिथे शोशोनी या मूलनिवासी जमातीपैकी टुकुडिका लोक राहत, क्रो आणि बॅनक शिकारीला येत. उद्यान झाल्यावर काही वर्षांतच टुकुडिकांना तिथून हलवलं गेलं. मोरनने हे केलं नाही, खरं आहे. पण जागा निर्मनुष्य वाटायला पाहुण्याची नजर लागते, आणि तशी नजर घडवण्यात त्याच्या चित्रांचा वाटा आहे.

डेनालीच्या त्याच खोपीत कलावंतांच्या फार आधी अ‍ॅडॉल्फ म्यूरी राहिला होता. सरकारने त्याला लांडग्यांचा अभ्यास करायला पाठवलं होतं. १९३९ ते १९४१ या काळात गुहेसमोर तासन्‌तास बसून त्याने एक कळप इतका ओळखीचा केला, की त्यातल्या एकाला तो ‘डँडी’ म्हणे आणि दुसऱ्याला ‘ग्रँडपा’. १९४४मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाला कुणी साहित्य म्हणत नाही. मला मात्र त्या परिसरातून निघालेलं ते सर्वात जिवंत गद्य वाटतं. आपल्याकडे मारुती चितमपल्लींचं नवेगाव बांधवरचं लेखन असंच वनखात्याच्या नोकरीतून आलं. जंगल हे कामाचं ठिकाण झालं की ते ‘भव्य’ राहत नाही. तिथे कंटाळा येतो, आणि कंटाळ्यानंतर तपशील दिसू लागतो.

सगळ्यांना वर्षानुवर्षं रानात कोण राहू देणार? नोकरी, मुलं, भाडं असलेल्या कलावंताला दहा दिवसही मोलाचे असतात, फक्त त्या मोलाचा अरण्याशी संबंध थोडाच. ऑर्वेलने ‘नाइन्टीन एटी-फोर’ स्कॉटलंडच्या ज्युरा बेटावरच्या एकाकी घरात लिहिली. कादंबरी लंडनमध्येच घडते. बेटाने त्याला विषय दिला नाही, एकांत दिला. आणि घर सांभाळलं ते बहिणीने.

ज्याला रानाबद्दलच काही म्हणायचंय, त्याने मात्र परत परत जायला हवं. जॉन ल्यूथर अ‍ॅडम्स हा संगीतकार अलास्कातल्याच फेअरबँक्सच्या परिसरात दशकं राहिला. तिथल्या संग्रहालयात २००६पासून असलेल्या त्याच्या ध्वनिरचनेत भूकंपमापकांचे, भूचुंबकीय हालचालींचे, सूर्यचंद्राच्या स्थितीचे आकडे थेट आवाजात उतरतात. डोंगराचं चित्र काढण्यापेक्षा ही वेगळी गोष्ट आहे. उद्यानांनी दरवर्षी नवे चेहरे निवडण्याऐवजी एकाच कलावंताला चार वर्षं, वेगवेगळ्या ऋतूंत बोलवावं. डेनालीत तर त्याची निकडच आहे. गोठलेली जमीन वितळल्याने प्रिटी रॉक्सचा उतार सरकतोय. ऑगस्ट २०२१मध्ये उद्यानाचा एकमेव रस्ता तिथे तुटला. खोपीपासून ती जागा दोन-तीन मैलांवर. शिखर एका सकाळीत रंगवता येतं. उतार सरकताना पाहायचा तर पुढच्या वर्षी परत यावं लागेल.