वाहत्या पाण्याचा धनी कोण? बाभळी वादातील धर्मविचार

नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. १४ दरवाजे, २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट) साठवण आणि सुमारे ८,००० हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट, एवढाच त्याचा व्याप. तरीही त्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात समोरासमोर आले. या वादाच्या मुळाशी धर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे. वाहत्या पाण्यावर कोणाची मालकी असू शकते काय, आणि वरच्या काठाचे खालच्या काठाप्रती कर्तव्य काय?

परंपरेने या प्रश्नाचा विचार तळ्या-विहिरींच्या निमित्ताने केला आहे. विहीर, तलाव, पाणपोई यांना धर्मशास्त्रात पूर्तकर्म म्हणतात. जलाशय बांधून झाल्यावर उत्सर्गविधी होतो. त्यात यजमान पाणी सर्व प्राणिमात्रांना अर्पण करतो आणि त्यावरचा आपला हक्क सोडतो. त्यानंतर तो स्वतः ते पाणी वापरतो, पण सर्वांपैकी एक म्हणून. पदरचे पैसे घालून बांधलेल्या तळ्याची ही गत, तर कोणीही न बांधलेल्या नदीवर स्वामित्व सांगता येत नाही, हे कैमुतिक न्यायाने सिद्ध होते. रोमन कायद्यानेही वाहते पाणी हवेप्रमाणे सर्वांचे मानले होते. मात्र मालकी नाकारली की वाटणीचा प्रश्न संपत नाही. तो तिथूनच सुरू होतो.

बाभळीच्या दोन्ही बाजूंचा मुलूख १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होता. भाषावार पुनर्रचनेने सीमा पडली, पण व्यवहार तुटला नाही. नांदेडकडची कुटुंबे आजही मुलांच्या अक्षराभ्यासासाठी सीमेपलीकडे गोदाकाठच्या बासरच्या सरस्वतीला जातात. पाण्याचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागला. ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारानुसार पैठण आणि सिद्धेश्वर धरणांच्या खाली, पोचमपाड धरणापर्यंतच्या गोदावरी खोऱ्यात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी पाणी वापरण्याची मुभा मिळाली. गोदावरीच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने १९८० च्या अंतिम निवाड्यात राज्याराज्यांतील असे करार मान्य केले.

बाभळीची जागा पोचमपाडच्या, म्हणजे श्रीरामसागरच्या, फुगवट्यात येते. म्हणून बंधारा आमच्या जलाशयातलेच पाणी ओढील, अशी आंध्र प्रदेशची हरकत होती. बंधारा आपल्या हद्दीत आणि ६० टीएमसीच्या मर्यादेत आहे, असे महाराष्ट्राचे म्हणणे होते. २००६ मध्ये दावा दाखल झाला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने बंधारा मान्य केला, पण अटी घालून. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, आणि देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोग व दोन्ही राज्ये यांच्या प्रतिनिधींची समिती नेमायची. २०१४ नंतर खालच्या काठाची बाजू तेलंगणाकडे आली.

या निकालामागचे तत्त्व कालव्यावरच्या पाणीपाळीचे आहे. पावसाळ्यातला पूर अडवायचा नाही, ओसरता प्रवाह साठवायचा आणि ठरल्या दिवशी ठरले तेवढे खाली द्यायचे. मालक कोण हे न ठरवताही न्याय करता येतो, तो असा. धर्माबाद भागातील शेतकऱ्यांचे दुःखही खरे आहे. नदीला पाणी असते तेव्हा दरवाजे उघडे असतात. ते बंद होतात तोवर पावसाळा सरलेला असतो, आणि परतीचा पाऊस हुकला तर साठा होत नाही. त्यामुळे तारखा पाण्याच्या आवकेनुसार ठरवाव्यात ही मागणी न्याय्य ठरते. पाळीचे तत्त्व मात्र त्यामुळे खोटे ठरत नाही.

गरजेचा अधिकार वाटणीच्याही वर असतो, हे लातूरने दाखवले. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टँकर-वाघिणींची रेल्वेगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. पाणी कृष्णा खोऱ्यातले, तहान गोदावरी खोऱ्यातली. खोऱ्याचा हक्क तेव्हा आड आला नाही, आणि येऊही नये.

मराठवाड्यापुढे पाळीच्या या तत्त्वातून एक कसोटी उभी राहते. पैठणच्या जायकवाडी धरणासाठी नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे, असा आग्रह मराठवाडा धरतो, तेव्हा तो खालच्या काठावर असतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाची तरतूद त्याचा आधार आहे. बाभळीवर हाच मराठवाडा वरच्या काठावर येतो. जे आपल्याला प्रतिकूल वाटते ते इतरांशी आचरू नये, हे धर्माचे सार मानले, तर पैठणला मागितलेला न्याय बाभळीला द्यावाच लागतो. नदीवरचा हक्क म्हणजे आपल्या पाळीचा हक्क होय, आणि खालच्याची पाळी राखणे हा त्याच हक्काचा भाग आहे.