पारा आणि मूग

देवा, मुलांनी आज मूग मांडलेत. वाटीत ओला कापूस, कापसावर मोजून ठेवलेले दाणे. एक वाटी शेजारच्या घरी फ्रिजमध्ये गेली, एक वर्गातल्या कपाटात, एक पत्र्याच्या खोलीत. पाणी सारखं, दाणे सारखे, अंधारही सारखा. वेगळं आहे ते फक्त तापमान. तिन्ही वाट्यांवर तुझी नजर असू दे.

किती चिंचोळी वाट दिलीस रे तू जिवाला! ४ अंशांवर दाणा गप्प पडून राहतो. २८-३० अंशांची ऊब लागली की साल फाडून मोड बाहेर येतो. पत्र्याखाली पारा ४५ वर चढला की तोच दाणा आंबू लागतो. साठवलेल्या पिठाची साखर करणारी विकरं दाण्यातच असतात; त्यांनाही तू उबेची मर्यादा घालून दिलीस. एवढ्याशा उबेत माझी भाकरी पिकते, ही मुलं वाढतात. तुझे उपकार मी कुठवर आठवू? मी फळ्यावर तक्ता आखते, रकाने पाडते. दाण्याच्या आत काय चाललंय ते तुलाच दिसतं.

थंडीतली वाटी बाहेर काढली की त्यातल्या बहुतेक दाण्यांना उशिरा का होईना मोड येतात. थांबलेल्याला तू पुन्हा चालवतोस. करपलेलं मात्र परत येत नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च ठरला. उत्तरेकडे ओंबीत दाणा भरायच्या दिवसांतच ऊन पेटलं आणि गहू चिमला. माझ्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची आहेत, देवा. वाटीत बघतील ते त्यांना रानातही ओळखू येईल.

त्यांना धीर दे. मोड पट्टीवर जेवढा भरेल तेवढेच मिलिमीटर वहीत उतरू देत. पुस्तकाशी जुळवायला आकडा वाढवायचा मोह कुणालाही होऊ नये. रात्री लाइट गेली, फ्रिज बंद पडला, तर तेही लिहायची बुद्धी दे.

एका मुलीनं विचारलं, “बाई, वाटी उचलून सावलीत ठेवता येते. रानातल्या गव्हाला कुठं न्यायचं?” तो प्रश्न मी तुझ्यापुढे ठेवते. तिला शिकू दे. घरची ओढाताण तुला ठाऊक आहे. दहावीनंतर तिची शाळा सुटू देऊ नकोस.